पक्षाघातानंतर दमसास कसा वाढवायचा: रोजच्या फिजिओथेरपीत एरोबिक व्यायाम आणण्याची रीत

पक्षाघाताचा पेशंट आपल्यासमोर पाऊण तास, कधी तासभर असतो. तेवढ्या वेळात आपण खांदा मोकळा करतो, मुठीचा ताठरपणा सोडवतो, तोल घेतो, पॅरलल बारमध्ये फेऱ्या मारून घेतो. पेशंट दमल्यासारखा दिसतो. पण मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली, तर बसलेला असताना होती त्यापेक्षा ती फारशी वर गेलेली नसते. कॅनडात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पक्षाघाताच्या रुग्णांच्या नाडीची नोंद घेऊन हेच तपासलं गेलं. फिजिओथेरपीच्या एका सत्रात हृदयाला व्यायाम घडावा इतकी नाडी सरासरी तीन मिनिटंसुद्धा टिकत नव्हती. आपल्याकडच्या क्लिनिकमध्ये चित्र वेगळं असेल असं मला वाटत नाही.

हा लेख कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी आहे, घरोघरी व्हिजिटला जाणाऱ्यांसाठी तर आहेच. पेशंटच्या घरच्यांनीही जरूर वाचावा, फक्त डॉक्टरांची परवानगी घेतल्याशिवाय यातलं काही स्वतःहून सुरू करू नये.

पक्षाघातानंतर माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता त्याच्याच वयाच्या निरोगी माणसाच्या साधारण निम्म्यावर आलेली आढळते. त्यात कंबर उचलून, पाय बाहेरून फिरवत चालायला सरळ चालण्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते. मिळकत निम्मी झाली आणि खर्च वाढला. म्हणून पाय चांगला उचलायला लागलेला माणूसही न्हाणीघरातून सोप्यापर्यंत येतो आणि धाप लागून खुर्चीत बसतो. घरचे म्हणतात पायात जोर नाही. आपणही परत मांडीच्या स्नायूकडे वळतो. तिथं कमी पडलेला असतो तो दमसास, आणि तो मोजून, ठरवून वाढवता येतो. या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२० साली पुन्हा घेतला गेला. त्यात एरोबिक, म्हणजे मोठे स्नायू तालात सलग चालवणाऱ्या, व्यायामानं दमसास, चालण्याचा वेग आणि तोल सुधारतो असंच दिसलं. झटका येऊन वर्षं उलटलेल्या पेशंटलाही फायदा होतो. हाताची मूठ मात्र यानं उघडत नाही. त्याचं काम वेगळं चालू ठेवायचं आणि घरच्यांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं.

पायरी १: वेळ ओळखा

‘जितक्या लवकर तितकं चांगलं’ हे वाक्य इथं जपून वापरावं लागतं. पाच देशांत २,१०४ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१५ साली आला. झटक्यानंतर २४ तासांच्या आत, वारंवार आणि जास्त प्रमाणात उठवून चालवलेल्या गटाची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा कमी चांगली होती. पुढं २०१९ साली जर्मनीतल्या २०० रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतर ५ ते ४५ दिवसांच्या काळात ट्रेडमिलवर एरोबिक व्यायाम दिलेल्यांना शिथिलीकरणाच्या व्यायामापेक्षा जास्त फायदा झाला नाही. उलट गंभीर घटना त्या गटात जास्त नोंदल्या गेल्या. हे रुग्ण मध्यम ते तीव्र पक्षाघाताचे होते.

यावरून घाबरून हात आखडता घ्यायचा नाही. मी याचा अर्थ असा लावते: वॉर्डातल्या पेशंटला बसवणं, उभं करणं, थोडं चालवणं एवढंच ठेवावं. नाडी धरून एरोबिक डोस द्यायला तेव्हा सुरुवात करावी, जेव्हा गोळ्यांवर बीपी काही दिवस स्थिर राहिलेलं असतं, पेशंट निदान काही मिनिटं आधाराशिवाय बसतो आणि साधी सूचना पाळतो. आपल्या ओपीडीला येणारे बहुतेक पेशंट डिस्चार्ज होऊन, घरी थोडे दिवस काढून, मग कुणीतरी सांगितलं म्हणून येतात. त्यातल्या बऱ्याच जणांसाठी ती वेळ आलेलीच असते.

पायरी २: फाइल वाचा, फिजिशियनना लिहा

डिस्चार्ज कार्ड उलटंपालटं करून बाजूला ठेवू नका. मेंदूत रक्ताची गाठ होती की रक्तस्राव, रक्तस्राव असेल तर कारण सापडलं का, ईसीजीत नाडी अनियमित आहे का, इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता किती, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर झाला का, हे सगळं शोधा. मग गोळ्या बघा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशी ‘लॉल’नं संपणारी गोळी म्हणजे बीटा ब्लॉकर, नाडी मंद ठेवणारं औषध. तो असेल तर नाडीचं सगळं गणित बदलतं. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर व्यायामात शुगर उतरू शकते.

छातीत अलीकडे दुखलेलं असणं, हृदयाच्या झडपेचं गंभीर अरुंदपण, आटोक्यात नसलेलं हार्ट फेल्युअर, नुकती पायात झालेली रक्ताची गुठळी, उपचार न झालेला मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा. यातलं काहीही असलं तर आपण थांबायचं आणि निर्णय डॉक्टरांवर सोपवायचा.

खरं तर प्रत्येकाची ईसीजीसह स्ट्रेस टेस्ट व्हावी. कोल्हापुरात हृदयरोगतज्ज्ञांकडे टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, मिळते, पण नेहमीच्या ब्रूस पद्धतीची पहिलीच पायरी ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ अशी असते. अर्धांग लुळं पडलेल्या माणसाला तो चढ झेपत नाही. टेस्ट हृदयामुळं नव्हे, पायामुळं थांबते आणि अहवालावर ‘अपूर्ण’ असा शेरा येतो. म्हणून पाठवताना चिठ्ठीत स्पष्ट लिहा की चढ नसलेली, कमी वेगाची पद्धत किंवा सायकल वापरावी. टेस्ट शक्यच नसेल तर फिजिशियनना दोन ओळींचं पत्र द्या: हलका ते मध्यम एरोबिक व्यायाम, अमुक नाडीपर्यंत, बीपी मोजत सुरू करत आहे, हरकत आहे का? लेखी उत्तर घ्या. टेस्ट नसेल तर मी वरची मर्यादा खाली धरते आणि महिनाभर ती वाढवत नाही.

पायरी ३: आधी मोजा

पाच मिनिटं शांत बसवून नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर अनियमितपणा निसटतो. बीपी चांगल्या बाजूच्या दंडावर, दरवेळी त्याच.

मग सहा मिनिटं चालण्याची चाचणी. नियमानं तिला ३० मीटरचा सरळ रस्ता लागतो. राजारामपुरीतल्या गाळ्यात किंवा पेठेतल्या जुन्या घराच्या खालच्या खोलीत तो कुठून आणायचा? मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल, शाळेचा व्हरांडा, अपार्टमेंटचं पार्किंग बघा. काहीच नसेल तर १० किंवा १५ मीटर आखा. अंतर कमी भरेल, कारण वळण्यात वेळ जातो. पण पुढची चाचणीही त्याच जागी, त्याच काठीनं, त्याच बुटांत घेतली तर तुलना खरी राहते. दोन्ही टोकांना खुर्ची ठेवा. पेशंटच्या बाजूनं चालताना त्याच्या पुढं जाऊ नका, नाहीतर तो तुमच्या वेगानं चालतो. अंतर, थांबे, आधी आणि नंतरची नाडी, बीपी, किती दम लागला, सगळं लिहून ठेवा. बसलेली नाडी १२० च्या वर, किंवा वरचं बीपी १८० च्या किंवा खालचं १०० च्या वर असेल तर त्या दिवशी चाचणी नको.

पायरी ४: डोस काढा

इथं बहुतेक जण चुकतात, म्हणून सावकाश बघू.

वय ५८, बसलेली नाडी ७६, बीटा ब्लॉकर नाही. अंदाजे कमाल नाडी २२० वजा ५८, म्हणजे १६२. त्यातून ७६ वजा केले की उरतात ८६. ही नाडीची राखीव जागा. तिचे ४० टक्के म्हणजे ३४, ६० टक्के म्हणजे ५२. दोन्हींत ७६ मिळवा. पेशंटची पट्टी ११० ते १२८ अशी ठरली.

आता हाच माणूस मेटोप्रोलॉलवर आहे, बसलेली नाडी ६८. हृदयविकाराच्या, बीटा ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णांवरून काढलेलं सूत्र आहे: १६४ वजा वयाच्या ०.७ पट. म्हणजे १६४ वजा ४१, १२३. राखीव जागा ५५. पट्टी येते साधारण ९० ते १०१. पहिल्या गणितानं त्याला १२८ पर्यंत पळवलं असतं तर आपण त्याच्या खऱ्या मर्यादेच्याही पुढं नेऊन ठेवलं असतं. गोळीकडे बघायचं ते यासाठी.

नाडी अनियमित असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, तर हे आकडे बाजूला ठेवा आणि दम किती लागतोय त्यावर चाला. किती दम लागला ते पेशंटनं सांगायच्या बोर्गच्या ६ ते २० च्या मापावर ११ ते १४ ही जागा योग्य. पण साठी-सत्तरीच्या शेतकऱ्याला ‘सहा ते वीसमध्ये सांगा’ म्हटलं की तो गोंधळून आपल्याकडेच बघतो. अशा वेळी मी विचारते, “आबा, सोळा आण्यांत किती आणे दम लागला?” उत्तर लगेच येतं. सहा ते नऊ आणे हवेत, बारा आणे म्हणाले की वेग कमी करायचा. हे प्रमाणित माप नाही, फाइलमध्ये बोर्गचाच आकडा लिहावा, पण संवाद सुरू होतो.

बोलून बघण्याची कसोटी त्याहून सोपी: पेशंटला वाक्य बोलता यावं, अभंग लांब सुरात म्हणता येऊ नये. सहज म्हणता येत असेल तर भार कमी पडतोय. वाचा गेलेल्या पेशंटला चेहऱ्यांची तीन चित्रं दाखवा किंवा अंगठ्याची खूण ठरवून घ्या. पहिल्या सत्राआधी ती खूण बसून, शांतपणे पक्की करा. दम लागल्यावर नवीन काही समजत नाही.

पायरी ५: साधन निवडा

मोठे स्नायू, तालात, सलग चालले पाहिजेत. एवढं पाळलं की महाग यंत्राची गरज उरत नाही.

चालू शकणाऱ्यासाठी चालणं सगळ्यात उत्तम. सपाट जागा, बाजूला कमजोर अंगाकडून एक माणूस. रंकाळ्याचा पदपथ सकाळी चांगला, पण उंचसखल फरशी आणि गर्दी बघून टप्पा निवडा आणि पहिल्या वेळी स्वतः सोबत जा. शिवाजी विद्यापीठाचा परिसर ऐसपैस आहे, चढ-उतार मात्र लक्षात ठेवा. पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या आणि जोतिबाचा डोंगर इतक्यात नको, कितीही नवस बोललेला असला तरी.

फार चालता न येणाऱ्यासाठी स्टॅटिक सायकल किंवा खुर्चीसमोर ठेवायची पेडल सायकल. कमजोर पाऊल पेडलवरून सुटतं, म्हणून ते क्रेप बँडेजनं बांधा, टाच मोकळी सोडा. पेडल सायकल मागं सरकते, तिला भिंत द्या. साडीतल्या पेशंटसाठी सायकल ही खरी अडचण आहे. पदर आणि निऱ्या पेडलमध्ये अडकतात. गाऊन किंवा सलवार चालेल का हे आधी मोकळेपणानं विचारा. घरात पटत नसेल तर आग्रह सोडा आणि खुर्चीवरून उठ-बस घ्या. उंच खुर्चीवरून तालात केलेली उठ-बस नाडी लवकर वर नेते. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून जागच्या जागी पाय उचलणं हा दुसरा चांगला पर्याय.

पायात काय आहे ते नेहमी बघा. कोल्हापुरी चपलेला मागं पट्टा नसतो, लुळ्या पावलातून ती निसटते आणि तिला धरून ठेवायला बोटं आणखी आवळली जातात. मागं पट्टा असलेलं सँडल किंवा वेल्क्रोचे बूट, आणि पावलाला आधार देणारा स्प्लिंट दिलेला असेल तर तो घालूनच.

एक कळकळीची विनंती. पंख्याच्या हुकाला दोर किंवा पट्टा बांधून घरगुती हार्नेस करू नका. तो हुक माणसाच्या वजनासाठी नसतो.

पायरी ६: सत्र कसं बांधायचं

आठवड्यात किमान तीन दिवस, प्रत्येक वेळी पट्टीत किमान वीस मिनिटं, निदान आठ आठवडे. हे लक्ष्य आहे, सुरुवात नव्हे. सुरुवातीला पाच मिनिटं सावकाश, मग दोन मिनिटं काम आणि दोन मिनिटं बसणं अशा पाच फेऱ्या, शेवटी पाच मिनिटं वेग उतरवत थांबणं. एकदम थांबवलं तर रक्त पायात साचतं, बीपी पडतं आणि चक्कर येते. बीपीच्या दोन-तीन गोळ्या घेणाऱ्यांना तर हमखास.

वाढवताना क्रम पाळा. आधी कामाची मिनिटं वाढवा आणि विश्रांती कमी करा, वीस सलग मिनिटं आली की दिवस वाढवा, आणि वेग सगळ्यात शेवटी. आठवड्याला एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि गुडघा मागं मुडपायला लागला, खांदा दुखायला लागला, तर कशामुळं ते कळत नाही. चाल बिघडायला लागणं हाही थकव्याचा निरोप आहे, नाडी पट्टीत असली तरी तिथं थांबा.

जोरदार मध्यांतरांच्या, म्हणजे थोडा वेळ जोर आणि मग विश्रांती अशा, व्यायामाबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. अमेरिकेतल्या ५५ जणांच्या चाचणीत, २०२३ साली, झटका येऊन सहा महिन्यांहून जास्त काळ झालेल्यांना बारा आठवडे असा चालण्याचा व्यायाम दिला. सहा मिनिटांतलं अंतर सरासरी ७१ मीटरनं वाढलं, मध्यम व्यायामाच्या गटात २७ मीटरनं. आकडे मोहवणारे आहेत. पण त्या सगळ्यांची आधी ईसीजीसह चाचणी झाली होती. ज्याची झालेली नाही त्याला गाळ्यातल्या क्लिनिकमध्ये हा प्रकार देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ७: कधी सुरू करायचं नाही, कधी थांबायचं

व्यायामाआधी, मध्ये आणि नंतर बीपी. पुस्तकी नियमानं २०० किंवा ११० च्या वर असेल तर सुरुवातच करायची नाही. मी १८० किंवा १०० लाच थांबते आणि सकाळची गोळी घेतली का ते विचारते. पुष्कळदा एसटी पकडायच्या घाईत ती राहिलेली असते. व्यायाम चालू असताना वरचं २५० किंवा खालचं ११५ ओलांडलं, किंवा भार वाढवूनही वरचं १० नं उतरलं, तर थांबवा. छातीत दुखणं, छाती भरून येणं, चक्कर, चेहरा पांढरा पडणं, यात आकड्याची वाट बघू नका.

शुगर ७० च्या खाली असेल तर व्यायाम नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असताना १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊ घाला. क्लिनिकमध्ये ग्लुकोज पावडर ठेवा. पण गिळायला त्रास असलेल्याच्या तोंडात घाईनं पातळ पाणी ओतू नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं.

तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं बोबडं झालं, तर झोपवून मालीश नाही, लिंबूपाणी नाही. वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गगनबावड्याहून किंवा राधानगरीच्या आतल्या गावातून शहरात यायला त्यातला मोठा भाग जातो, म्हणून घरच्यांनाही ही तीन लक्षणं पाठ करून द्या.

पायरी ८: घरात रुजवा

तालुक्याहून येणारा पेशंट आठवड्यातून एकदाच येतो. बाकीचे दिवस घरच्यांच्या हातात. “सायेब, एवढं चालवू नका, दमत्यात ते,” असं बायको काकुळतीनं म्हणते. तिला आकडे देऊन उपयोग नसतो. नाडी धरायला शिकवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची मिनिटं लिहायला सांगा. पंधरा दिवसांत आकडा वाढलेला दिसला की तीच उठवते. घरातल्या पैलवानकी केलेल्या आजोबांना तर दम कमवावा लागतो हे वेगळं सांगायचीही गरज पडत नाही.

घरातलं खरं काम सापडलं तर उत्तम. ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला कुणीतरी जातंच. पेशंट रिकाम्या हातानं त्यांच्यासोबत जाऊ दे. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, लोक भेटतात. दहा-दहा मिनिटांचे तुकडे जोडून वीस मिनिटं भरतात.

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरकायचं, पाण्याची बंदी नसेल तर पाणी पिऊन. जूननंतर इथला पाऊस महिनोन् महिने बाहेर पडू देत नाही, म्हणून मे महिन्यातच घरातला पर्याय ठरवून द्या. ओल्या शहाबादी फरशीवर चालवू नका, ओट्याजवळ किंवा खुर्चीवर घ्या.

आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा

तीच जागा, तीच काठी, तीच वेळ. अंतर वाढलं असेल तर बसलेली नाडी पुन्हा मोजून पट्टी नव्यानं काढा, कारण ती बहुतेक खाली आलेली असते. वाढलं नसेल तर पहिल्यांदा कॅलेंडर तपासा: पट्टीतली मिनिटं खरोखर झाली का? मधल्या काळात बीटा ब्लॉकर वाढवला का? स्प्लिंट चावतोय म्हणून काढून ठेवलाय का? रात्री घोरणं आणि श्वास अडकणं आहे का, हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? माणूस गप्प झाला आहे, जेवणावरची वासना गेली आहे, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो का? पक्षाघातानंतर नैराश्य वारंवार येतं आणि ते आळस म्हणून रागावण्यावारी नेलं जातं. तसं दिसलं तर मिनिटं वाढवायचं थांबवा, आठवड्याचे दिवस तेवढेच ठेवा, आणि फिजिशियनना या सगळ्या नोंदींसह फोन करा.